दोन टाक्या, एक विंग

पाठीवर हवेच्या दोन टाक्या घेऊन खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याच्या साधनांमध्ये दिसायला सर्वांत साधे आणि निवडताना सर्वांत जास्त छळणारे साधन म्हणजे विंग. पाठीशी बांधलेला धातूचा पत्रा, म्हणजे बॅकप्लेट, आणि टाक्या यांच्यामध्ये बसणारी ही हवेची पिशवी आतून पॉलियुरेथेनची व बाहेरून जाड नायलॉनची असते. डाव्या खांद्यावरून छातीवर येणाऱ्या नळीचे बटण दाबले की टाकीतली हवा तीत शिरते आणि झडप उघडली की बाहेर पडते. ती पूर्ण फुगल्यावर जेवढे पाणी बाजूला सारते तेवढी तिची उचल, आणि ही उचल किलोत किंवा पौंडांत तिच्यावर छापलेली असते. नवशिका तो आकडा पाहतो आणि जितका मोठा तितका भरवशाचा असे धरून चालतो. प्रस्तुत लेखकाने इतरांसाठी विंग निवडताना सर्वांत अधिक शब्द खर्ची घातले आहेत ते या समजुतीविरुद्ध.

नाशिकमध्ये राहून हा व्यवसाय करणाऱ्याला हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा अधिक तीव्रतेने भेडसावतो, कारण त्याच्या वाट्याला दोन वेगवेगळी पाणी येतात. एक कोकणाचे, तारकर्ली–मालवणचे किंवा त्याहून दूर, विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटरवर बुडून राहिलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळी उंचवट्याचे. दुसरे गोदावरी खोऱ्यातल्या जलाशयांचे, जिथे उतरायचे ते परवानगीने आणि बहुधा एखाद्या कामासाठी, आणि जिथे तळाचा गाळ एका चुकार पायाने उठला की हाताचा पंजा दिसेनासा होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. पाणबुड्या आणि त्याचा सरंजाम मिळून 115 लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारत असतील तर तारकर्लीत नेमका तोल साधणारा माणूस गंगापूर धरणाच्या पाण्यात जवळजवळ तीन किलोंनी जड पडतो. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर असल्याने इथले उतरणे उंचीवरचे गणले जाते आणि रक्तातील नायट्रोजनच्या हिशेबाला वेगळे तक्ते लागतात. कोकणातून खोल उतरून आलेल्याने त्याच दिवशी कसारा घाट चढण्याची घाई करू नये, हे त्याच हिशेबाचे दुसरे टोक. विंगेच्या निवडीवर उंचीचा परिणाम नगण्य असतो, पाण्याच्या घनतेचा मात्र तीन किलोंचा असतो.

उचल किती हवी, याचा हिशेब अवघड नाही. हवेला वजन असते: 11.1 लिटरच्या दोन ॲल्युमिनियम टाक्यांत 207 बार दाबाने सुमारे 4,600 लिटर हवा मावते आणि तिचे वजन साडेपाच किलोंच्या घरात जाते. ही हवा उतरणीच्या सुरुवातीला पाठीवर असते आणि शेवटी नसते, म्हणून सुरुवातीला तेवढे जडपण विंगेने तोलायचे असते. दुसरा वाटा सूटचा. तीन मिलीमीटर जाडीच्या निओप्रीन सूटमध्ये वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि सूटची दोनेक किलोंची उचल बहुतांशी नाहीशी होते. दोन्ही मिळून साडेसात किलो. याशिवाय, माणूस अंगावरून सरंजाम उतरवून बोटीशेजारी पाण्यात सोडेल तेव्हा तो सरंजाम एकटा तरंगला पाहिजे, ही अट असते, आणि हलक्या टाक्यांच्या बाबतीत तीही याच आकड्याच्या आसपास भागते. म्हणजे अठरा किलो उचलीची विंग भरपूर झाली. तरीही सत्तावीस किलोंच्या आणि त्याहून मोठ्या विंगा पाठीवर दिसतात, आणि जास्तीचे कापड पाण्यात फडफडते, त्याच्या घड्यांत हवा अडकते, आणि वर येताना शेवटच्या पाच-सहा मीटरांत, जिथे हवेचे प्रसरण सर्वांत वेगाने होते, तीच अडकलेली हवा पाणबुड्याला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घेतलेल्या थांब्यावरून उचलून नेते. अशीच मोठी विंग एका टाकीवर चढवली तर ती पोळीने भाजी गुंडाळावी तशी टाकीला गुंडाळते आणि आतली हवा ना डावीकडे जाते ना उजवीकडे.

इथपर्यंतचे गणित कोणीही शिकवू शकतो. खरा पेच पुढे आहे, आणि तो असा की विंग फाटली तर काय.

पोलादी टाक्या रिकाम्या झाल्यावरही बुडतात. बारा लिटरच्या दोन पोलादी टाक्या, त्यांना जोडणारी नळी म्हणजे मॅनिफोल्ड, पट्टे, स्टेनलेस स्टीलची बॅकप्लेट आणि पातळ सूट असा मेळ घेतला, तर उतरणीच्या सुरुवातीला तळाशी असणारा माणूस दहा किलोंहून अधिक जड असतो. विंगेने दगा दिला तर पायांच्या बळावर एवढे वजन वर नेणे चांगल्या पोहणाऱ्यालाही साधत नाही. ॲल्युमिनियमच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमचीच प्लेट घेतली तर हाच आकडा साडेसात किलोंच्या आसपास येतो, त्यातले किलो-दोन किलो शिसे वेळ पडल्यास टाकता येते, आणि उरलेले ओझे घेऊन वर पोहता येते. भारतात हा निर्णय पुष्कळदा बाजारच करून टाकतो: गॅस सिलिंडर नियम, 2016 नुसार टाक्यांना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते, आणि पाणबुडी केंद्रांत सहज मिळते ती 11.1 लिटरची ॲल्युमिनियमची टाकी. या मर्यादेबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात. उष्ण पाण्यापुरते पाहिले तर ही मर्यादा उपकारकच आहे.

दोन टाक्यांच्या पाठबांधणीची आजची शिस्त फ्लॉरिडाच्या जलमग्न गुहांत घडली. बिल हॉगार्थ मेन यांच्या नावाने ओळखली जाणारी, अनावश्यक प्रत्येक वस्तू काढून टाकणारी पद्धत आणि 1998 मध्ये जॅरॉड जाब्लॉन्स्की यांनी स्थापन केलेल्या ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स या संस्थेने तिला दिलेले काटेकोर रूप यांचा प्रभाव जगभर आहे. या परंपरेत विंगेला एकच ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची एकच पिशवी, असावा असा दंडक आहे. आणि त्यामागे, विंग गेली तर कोरडा सूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट, हवा भरून तेवढीच उचल देतो, हे एक कारण आहे. तिथल्या झऱ्यांचे पाणी वीस-एकवीस अंशांचे असते, तिथे हे योग्यच. कोकणचे पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे; तिथे ड्रायसूट घालून बोटीवर अर्धा तास बसलेला माणूस पाण्यात उतरण्याआधीच घामाने गळून जाईल. अर्थात तीच परंपरा पातळ सूटबरोबर हलक्या टाक्या घ्या असेही सांगते, आणि तो सल्ला पूर्ण पाळला तर एक ब्लॅडर पुरतो. पण तो सल्ला लोक अर्धा पाळतात, आणि अर्ध्याच भागावर वाद घालतात.

दुसरा ब्लॅडर घ्यावा असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे: एकाच आवरणात दोन पिशव्या, दोन नळ्या, एक गेली तर दुसरी. प्रस्तुत लेखक अनेक वर्षे याच पक्षात होता आणि आजही त्या पक्षातून पूर्णपणे बाहेर पडलेला नाही. अडचण दुसऱ्या नळीची आहे. ती टाकीला जोडून ठेवली आणि तिच्या झडपेतून बारीक गळती लागली, तर राखीव पिशवी नकळत फुगत राहते. माणूस वर उचलला जाऊ लागतो, नेहमीच्या नळीने हवा सोडू पाहतो, त्या पिशवीत सोडण्यासारखे काही नसते, आणि दोष कुठे आहे हे कळेपर्यंत थांब्याची खोली हातची गेलेली असते. ती न जोडता ठेवली, तर गरजेच्या क्षणी, म्हणजे बुडत असताना, गढूळ पाण्यात चाचपडत ती जोडावी लागते किंवा तोंडाने फुगवावी लागते. जोडायची तर कोणत्या टाकीला, हा आणखी एक उपप्रश्न: नेहमीची नळी उजव्या टाकीच्या रेग्युलेटरला असते, म्हणून राखीव डावीला, पण गुहेच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या छताला घासून बंद होण्याचा धोका असतो तो डाव्याच झडपेला, आणि तिथे राखीव नळी जोडलेली दिसूनही कोरडी पडते. या चक्रात कितीही वेळा फिरले तरी बाहेर पडण्याची निर्दोष वाट सापडत नाही. सापडतात त्या फक्त कमी-अधिक वाईट वाटा, आणि त्यांतली निवड पाणी पाहून करावी लागते.

आकाराच्या प्रश्नाला, घोड्याच्या नालेसारखी उघडी विंग की सलग वर्तुळाकार, गरजेपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. वर्तुळात हवा खालूनही एका बाजूकडून दुसरीकडे जाते आणि माणूस आडवा राहण्यास मदत होते. नालेत ती वरच्या वळणानेच जाते, आणि आडव्या अंगाने पोहणे ज्याला साधले त्याला फरक जाणवतही नाही. विंगेभोवती रबरी दोऱ्या ओवून तिला आवळणारी जात मात्र टाळावी: छिद्र पडले तर त्या दोऱ्या उरलीसुरली हवा स्वतःच पिळून काढतात.

सध्या कोकणात पाणबुडीचा धंदा वाढला आहे आणि हौशी पर्यटकाची टाकी धरून त्याला पंधरा मिनिटे फिरवून आणणे हाच त्याचा मुख्य भाग आहे. त्यातून पोटे भरतात, त्याला कोणाचा विरोध असू नये. पण तोल साधण्याचे शिक्षण त्यात उरत नाही, आणि तिथून पुढे आलेला उमेदवार दोन टाक्यांकडे वळतो तेव्हा उचलीकडे आधार म्हणून पाहतो, तोल म्हणून नव्हे. भारतीय नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेले गुलदार हे जहाज निवतीजवळच्या समुद्रात पर्यटनासाठी बुडवून ठेवण्याचा प्रकल्प आखला गेल्यापासून जहाजाच्या पोटात शिरण्याची स्वप्ने वाढली आहेत. छताखाली शिरणाऱ्याला वर पोहून सुटता येत नाही, म्हणून तिथे हलक्या टाक्यांचा युक्तिवाद अर्धा लंगडा पडतो आणि दुसऱ्या ब्लॅडरचा प्रश्न पुन्हा जिवंत होतो.

या साऱ्या विचाराला अलीकडे निकड आली ती उजव्या खांद्यामुळे. पाठीवरच्या झडपा हात मागे नेऊन स्वतः बंद करता येणे ही दोन टाक्यांची पहिली अट आहे, आणि साठीकडे झुकलेला खांदा ती दर वर्षी थोडी अधिक नाखुषीने पाळतो. शहाणपणाचा मार्ग उघड आहे: टाक्या बगलेखाली लटकवण्याची साइडमाउंट पद्धत, जीत झडपा डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत लेखकाने तो मार्ग अजून घेतलेला नाही, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. पाठीवर दोन टाक्या घेऊन गुडघे मोडून निश्चल आडवे तरंगण्याची त्याची ढब शिष्यवर्गात ओळखीची झाली आहे, गढूळ पाण्यातही ती मागून ओळखता येते असे म्हटले गेले आहे, आणि ते ऐकून झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. विंगेचा आकार लहान असावा हा आग्रहसुद्धा निव्वळ भौतिकशास्त्रातून आलेला नाही. लहान विंग पाठीवर दिसत नाही, आणि कशाच्याही आधाराविना तरंगल्याचा आभास निर्माण होतो, हे त्यातले आकर्षण मान्य केले पाहिजे.

यंदा एका शिष्येसाठी साधने निवडायची वेळ आली. बॅकप्लेट अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये तीन मिलीमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्यातून कापून झाली, बोल्टच्या दोन भोकांमधले 28 सेंटिमीटरचे अंतर तेवढे काटेकोर पाळावे लागले. विंग मात्र इथे कोणी बनवत नाही. ठरली ती अठरा किलोंची, वर्तुळाकार, एका ब्लॅडरची, ॲल्युमिनियमच्या टाक्यांसाठी, आणि सोबत खिशात गुंडाळून ठेवायचा, वर सोडून ज्याला लटकता येईल असा मोठा खूण-फुगा. आंग्रिया बँकेच्या मोकळ्या पाण्यासाठी हे पुरे आहे. जहाजात शिरण्याचा तिचा बेत आहे आणि त्यासाठी तिला दुसरा ब्लॅडर हवा आहे, नळी जोडलेलीच ठेवून. तिच्या मते गळती ओळखणे सरावाने जमते, बुडत असताना नळी जोडणे जमत नाही. प्रस्तुत लेखक स्वतःची दोन ब्लॅडरची जुनी विंग अजूनही नळी सुटी ठेवूनच वापरतो.