केबिनमधली आषाढी



आमचे अण्णा रेल्वेत लिव्हरमन होते. कुर्डुवाडीच्या वाटेवरचे एक लहान स्टेशन, आणि फलाटाच्या टोकाला जिन्याची, काचेच्या खिडक्यांची केबिन. आषाढी जवळ आली की जादा गाड्या सुटत. वारकरी कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाईटच्या छोट्या गाडीने पंढरी गाठत. १९०६ सालापासून ती गाडी पंढरपुरात जात होती.

अण्णांच्या गळ्यात माळ, पण नोकरीत असताना एकही आषाढी त्यांना पंढरीत मिळाली नाही. गाड्या वाढतात तेव्हाच रजा कोण देणार? लहानपणी मला याचा फार राग यायचा. सगळा गाव दिंडीत आणि आमचे वडील खिडकीत!

एकदा जेवणाचा डबा घेऊन वर गेलो, तेव्हा त्यांनी सगळे समजावले. लाल लिव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे सांध्यांच्या कुलपांचे. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय लाल लिव्हर हलतच नाही. सिग्नलचा हात आडवा म्हणजे थांब, खाली पडला म्हणजे ये. आणि मध्येच तार तुटली, तर वजनाने हात आपसूक आडवा होतो. लिव्हर नुसत्या हाताने धरायचा नाही, घामाने लोखंड गंजते, म्हणून फडके. ते फडके आई देवाच्या वस्त्रासारखे वेगळे धुवायची.

वारकऱ्यांची गाडी विठ्ठलनामाचा गजर करीत समोरून जाई. अण्णा शेवटच्या डब्यामागची खूण बघत. ती दिसली म्हणजे गाडी पुरी गेली, डबा मागे सुटला नाही. मग ते हात जोडत. आधी खूण, मग नमस्कार. हा क्रम मी कधी उलटा पाहिला नाही.

निवृत्तीनंतर ते अकरा वर्षे पायी गेले. मग गुडघ्यांनी साथ सोडली.

पुढे केबिनही बंद झाली. आता सांधे मोटारीने फिरतात, सिग्नल दिव्यांचे आहेत, मास्तर खोलीत बसून पडद्यावर मार्ग लावतात. हे अधिक सुरक्षित आहे. तरी त्या बंद खिडक्यांकडे माझ्याने फार वेळ बघवत नाही.

गेल्या आषाढीआधी अण्णांना जीपने पंढरीला नेत होतो. वाटेत ते म्हणाले, "केबिनपाशी थांब." जिना त्यांना चढवेना. मी वर गेलो. दाराला कुलूप होते. काचेतून पाहिले, तर लिव्हरची रांगच नव्हती. जमिनीत नुसत्या फटी राहिल्या होत्या.

खालून अण्णांनी विचारले, "सगळे नॉर्मलला आहेत ना?" म्हणजे सगळे लिव्हर जागेवर, सगळे सिग्नल आडवे.

गळ्यात माळ असून मी खोटे बोललो. "हो अण्णा, सगळे नॉर्मलला आहेत."

त्यांनी मान हलवली आणि जीपकडे वळले.