पायपेटीतलं चामडं



आमच्या घरात आजेसासऱ्यांपासून चालत आलेली पायपेटी आहे. हल्लीच्या मुलींनी हातपेटीच पाहिलेली असते, म्हणून सांगते. ही टेबलासारखी उभी असते. खुर्चीवर बसून पायाखालच्या दोन फळ्या आलटून पालटून दाबायच्या, त्याने भाता भरतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली घेतलं. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजवायची हातपेटी केली. पण आपल्या संगीत नाटकांनी पायपेटी बरीच वर्षं सोडली नाही. बोलपट आले, नाटक कंपन्या बुडाल्या, तेव्हा अशाच एका कंपनीची ही पेटी आजेसासऱ्यांनी घेतली, असं घरात सांगतात. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून ती हातखंब्याला आली. सासूबाई रोज संध्याकाळी तिच्यावर आरती वाजवायच्या.

त्या गेल्यापासून पेटी मुकीच होती. कोकणातली हवा तुम्हाला ठाऊकच आहे. लाकूड फुगलं, सांधे सुटले, दाबलेली पट्टी वर येईना. यंदा नातीला सूर शिकायची हौस आली, म्हणून मिरजेहून कारागीर बोलावले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचं नाव आहेच, पण पेटीचे जाणकारही तिथे भेटतात. चार दिवस ओटीवर काम चाललं.

झाकण काढलं तर आत कसर, कोळी, एक पाल आणि तिची दोन अंडी. कारागीर फवारा मारणार होते. मी म्हटलं, थांबा. आधी मऊ कुंचल्याने एकेक फळी झाडून जीव सुपात घेतले आणि मागच्या परसात सावलीत सोडले. अंडी कापसात ठेवून कोनाड्यात. यात अख्खी सकाळ गेली. म्हणूनच हे काम मी वैशाखात काढलं होतं. चातुर्मासात एवढी जिवांची उलथापालथ मी केली नसती.

खरा पेच दुपारी आला. प्रत्येक पट्टीच्या मागे एक लाकडी झडप असते. तिने हवेचं भोक घट्ट बंद करावं म्हणून खाली मऊ चामडं लावतात. भात्याच्या कोपऱ्यांनाही चामडंच. सांधे सरसाने जोडलेले, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं उकळून केलेला गोंद. सासूबाई कातडी पट्टा कमरेला असलेल्या माणसाला देवघरात येऊ देत नसत. आरती मात्र इतकी वर्षं यावर!

जाऊबाई म्हणाल्या, "देऊन टाक कुणाला तरी." मला ते पटलं नाही. देऊन टाकलं तर चामडं फक्त दुसऱ्याच्या घरी जाणार. मी आपल्या कृत, कारित, अनुमोदना या तीन शब्दांवर रात्रभर विचार केला. जुनं चामडं आम्ही कापलं नाही, कापवलंही नाही. पण आता नवं विकत आणलं तर ते कारित झालं, पैसे माझे म्हणून. तेव्हा ठरवलं की जे जुनं अजून धरून आहे ते राहू दे, नवं एक इंचही येणार नाही. कडक होऊन तुटलेले तुकडे नारळाच्या बुंध्याशी पुरले. झडपांना कृत्रिम फेल्ट, भात्याला रेक्झिन, सांध्यांना पांढरा गोंद.

कारागीर नाराज झाले. "ताई, सरस गरम पाण्याने सुटतो. पुढच्या माणसाला सांधा न मोडता उघडता येतो. हा गोंद सुटत नाही." हे खरंच होतं, आणि ते ऐकूनही मी बधले नाही.

तीन रीड तुटल्या होत्या. नव्या आल्या त्या पालिताण्याच्या! शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्या मी दोनदा चढले, पण खाली गावात देशभरच्या पेट्यांच्या रीड होतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रीड म्हणजे पितळेची बारीक जीभ. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून जुन्या रीडना कारागीर जपून हात लावत होते. चहा गार झाला तरी मान वर नाही.

बी.कॉम.ला घसारा शिकले त्या हिशेबाने या पेटीची किंमत केव्हाच शून्य झाली. खर्च मात्र नव्या हातपेटीएवढा. आमच्या ह्यांनी तो वहीत 'घरदुरुस्ती'खाली लिहिला.

रेक्झिनचा भाता जरा ताठ आहे, पाय लवकर दुखतात. मधल्या सप्तकातल्या धैवताची झडप फेल्ट लावल्यापासून किंचित फुसफुसते. कारागीर म्हणतात, चामड्याशिवाय ती पूर्ण बंद होणार नाही. नात तो सूर आला की जरा मोठ्याने गाते.