गोड्या पाण्याची विहीर नसलेला किल्ला

मी मालवणची आहे असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "मग स्नॉर्केलिंग किती वेळा केलंयस?" उत्तर आहे, एकदाही नाही. माझे बाबा वीस वर्षं पर्यटकांना होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचं प्रवाळ दाखवायला नेत होते. पण सीझनमध्ये होडीतली प्रत्येक जागा म्हणजे एक गिऱ्हाईक. ती जागा घरच्या पोरीने अडवायची नाही, हे कुणी न सांगताच मला कळत होतं. सीझन संपला की पाऊस, आणि पावसात समुद्र बंद. असं करत करत मी बारावी झाले, पुण्याला गेले आणि तिथून शिकायला फ्लोरिडात आले. पोहायलाही इथेच शिकले, युनिव्हर्सिटीच्या पूलमध्ये, चोविसाव्या वर्षी.

म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये रूममेटने ड्राय टॉर्टुगाजचा फोटो दाखवला, तेव्हा माझी नजर आधी पाण्यावर गेलीच नाही. चहूबाजूंनी हिरवट निळा समुद्र आणि मधोमध एक किल्ला. मी म्हटलं, "अगं, हा तर आमचाच आहे."

आमचा नाहीच तो. त्याचं नाव फोर्ट जेफरसन. कीवेस्टपासून सुमारे ११० किलोमीटर पश्चिमेला, सात छोट्या बेटांपैकी एकावर १८४६ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. सहा बाजू, एक कोटी साठ लाख विटा, आणि तरी तो कधी पूर्ण झालाच नाही. १५१३ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी पोन्स दे लिऑन इथे आला तेव्हा त्याला कासवं दिसली, म्हणून बेटांचं नाव टॉर्टुगाज पडलं. पुढे 'ड्राय' हा शब्द चिकटला, कारण इथे पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही. पावसाचं पाणी साठवायला किल्ल्याखाली टाक्या बांधल्या होत्या. भिंतींच्या वजनाने त्या खचून तडकल्या आणि खारं पाणी आत शिरलं.

हे वाचताना मला दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव आठवल्या. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तिथे भर समुद्रात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. शाळेच्या सहलीत आम्ही त्यांच्यात डोकावून ओरडायचो. गोडं पाणी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते आता मला एका एक्सेल शीटने शिकवलं.

शीट अशी होती. किल्ल्याबाहेर तंबू लावायच्या जागेला एका रात्रीचे १५ डॉलर. एवढं वाचून आम्ही नाचलो. मग फेरीचं तिकीट पाहिलं, माणशी दोनशे डॉलरच्या वर. एका फेरीत जेमतेम दहा कॅम्पर घेतात, त्यामुळे जागा महिनोन्‌महिने आधी संपतात. आम्ही ऑगस्टमध्ये थेट मे महिन्याचं बुकिंग केलं. हिवाळ्यात उत्तरेचे वारे समुद्र ढवळतात, त्यामानाने मेमध्ये पाणी शांत असतं. त्या दिवशी माझ्या खात्यातून पैसे गेले आणि त्याच आठवड्यात कर्जाच्या हप्त्याचा मेसेज आला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघून मी फोन उलटा ठेवला.

बाकी सगळीकडे काटकसर. तंबू उसना. कीवेस्टची हॉटेलं परवडणारी नाहीत, म्हणून रात्रभर आळीपाळीने गाडी चालवून पहाटे धक्क्यावर पोचायचं. फेरीत गॅस किंवा रॉकेल नेता येत नाही, स्वतःच पेटणारा कोळसा तेवढा चालतो. रूममेट नागपूरची. तिने चहाशिवाय काहीही शिजवायचं नाही असं जाहीर केलं. थेपले, पोहे, चटणी, शेंगदाण्याचे लाडू. बेटावर उंदीर आणि शंखातले खेकडे आहेत, म्हणून सगळं घट्ट झाकणाच्या कडक डब्यात. कचरा परत आणायचा. नेटवर्क नाही. मास्क मात्र मी स्वतःचा घेतला आणि दोन महिने पूलमध्ये तोंड खाली घालून तरंगायला शिकले. पहिल्या दिवशी नाकात पाणी गेलं आणि मी दीड मीटर पाण्यात घाबरून उभी राहिले. मालवणची पोरगी!

मग ऑक्टोबर आला. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र भयंकर तापला होता. उथळ मॅनाटी बेमध्ये पाण्याचं तापमान ३८ अंशांवर गेल्याची नोंद आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न देतं आणि रंगही देतं. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं, पांढरं पडतं, आणि तशीच उष्णता टिकली तर मरतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्या उन्हाळ्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. हरणाच्या आणि एल्कच्या शिंगांसारख्या फांद्यांची जी दोन प्रवाळं, ती फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगाजमधली जवळपास सगळी मेली होती. त्याआधी २०२१ मध्ये दगडी प्रवाळांचा एक रोगही तिथवर पोचला होता.

रूममेटने सरळ विचारलं, "मेलेलं बघायला दोनशे डॉलर?"

मला उत्तर सुचेना. रद्द करायचं तर आत्ताच, असं ठरवून मी बाबांना फोन लावला. कर्ज डोक्यावर असताना ही चैन कशाला, असं ते म्हणतील आणि निर्णय आपोआप होईल, असा माझा हिशोब होता.

बाबांनी पैशांचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं, "थंय नांगर खंय टाकतले?"

मी सांगितलं, फेरी धक्क्याला लागते. पार्कच्या राखीव भागात नांगर टाकायला बंदी आहे, तिथे बोयाला होडी बांधतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले की सुरुवातीची काही वर्षं ते नांगर थेट प्रवाळावर टाकायचे. पर्यटकांना लगेच उतरता यावं म्हणून. नांगर वर काढताना खाली काहीतरी तुटल्याचं दोरीला कळायचं. "हाताक कळता," ते म्हणाले. तेव्हा तो दगडच वाटायचा. पुढे कुणीतरी येऊन समजावलं, त्यांनी नांगर वाळूत टाकायला सुरुवात केली, पर्यटकांना प्रवाळावर उभं राहू नका म्हणून ओरडायला लागले. पण आधीची वर्षं कुठे जातात?

आमच्या घरी शोकेसमध्ये पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा आहे, माझ्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी. लहानपणी तो मला घरातली सगळ्यात सुंदर वस्तू वाटायचा. तो नांगराला अडकून वर आला होता, हे मला त्या फोनवर कळलं.

मी म्हटलं, "मग जाऊ की नको?"

"जा," बाबा म्हणाले. "जा उरला हा ता बघून ये. आणि माका सांग."

त्यांनी वीस वर्षं लोकांना प्रवाळ दाखवलं. त्यांना कुणी कधी येऊन सांगितलं नसावं, काय दिसलं ते. उतरले, पैसे दिले, फोटो काढले, गेले.

आम्ही तिकीट रद्द केलं नाही. उद्या रात्री निघतोय. खंदकाच्या बाहेरच्या भिंतीवर आणि जुन्या कोळशाच्या धक्क्याच्या खांबांवर अजून मऊ प्रवाळ, समुद्रपंखे आणि मासे आहेत, तिथे सकाळी फेरीतली गर्दी यायच्या आधी उतरायचं ठरलंय. सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचे कपडे. पाय कुठेही टेकवायचे नाहीत. रूममेटने पाण्यात लिहिता येणारी पाटी आणली आहे, मासे मोजायला म्हणे. मी तिच्यावर मराठीत लिहिणार आहे.

आज शेवटचा फोन केला, कारण पुढचे तीन दिवस संपर्क नाही. बाबांनी विचारलं, "पाणी किती नेतंस?"

माणशी दिवसाला एक गॅलन, दोघींचे तीन दिवसांचे सहा गॅलन, मी ऐटीत सांगितलं.

"वारो फिरलो नि होडी नाय इली तर?"

शीट उघडली. सहा खोडून आठ केले.