अर्ज कोणी लिहायचा?

आमची भाची इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकवते. तिथे २००५ साली ‘अथेना स्वान’ ही सनद सुरू झाली. स्त्री-पुरुष समानतेसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण असे पुरस्कार. अर्ज करताना विभागाने स्वतःचीच झडती घ्यायची: नेमणुका कुणाच्या, बढती कुणाला, बाळंतपणाच्या रजेनंतर परत कोण आलं.

ईदला फोन केला तेव्हा ती हेच आकडे जुळवत बसली होती. समितीत बायकाच जास्त. पुरुष सहकारी तेवढ्या वेळात शोधनिबंध लिहितात, अन् बढती त्यावर!

“खाला, समानतेचा अर्जही आम्हीच लिहायचा?”

आम्हाला हसू आलं नाही. शाळेत महिला दिनाच्या खुर्च्या आम्हीच मांडतो. विचारलं, “हे तास अर्जात लिहिलेस का?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “आज लिहिते.”