‘सगळ्यांना चालेल’ असे हॉटेल

नायगावला दर रविवारी सकाळी आमचा अभ्यासवर्ग असतो. वर्ग सुटला की आम्ही सहा-सात जण जवळच्या हॉटेलात जाऊन बसतो. हॉटेल म्हणजे फार मोठे काही नाही. मुंबईत ज्याला सगळे ‘शेट्टीचे हॉटेल’ म्हणतात तसले. बारा-पंधरा टेबले, गल्ल्यामागे देवाची तसबीर आणि जळती अगरबत्ती, भिंतीवर दरपत्रक, सकाळी इडली-मेदूवडा आणि दुपारी राइस प्लेट. कटिंगवर तासभर बसले तरी कुणी उठवत नाही, म्हणून ते आम्हाला आवडते. खरे सांगायचे तर वर्गात बोलायचे राहून गेलेले बरेचसे याच टेबलांवर बोलले जाते.

मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बीड जिल्ह्यातून मुंबईला आले होते. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. ते वर्गाला बसले, शेवटपर्यंत ऐकले आणि मग आमच्याबरोबर हॉटेलातही आले. इडली खाल्ली, चहा घेतला. चहा संपल्यावर आबा उठले, आपली कपबशी उचलली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले आणि नळाखाली विसळू लागले. टेबले पुसणारा पोरगा धावत आला. “चाचा, छोड दो, हम ले जाएगा.” आबांनी विसळलेली कपबशी त्याच्या हातात दिली आणि परत येऊन बसले. आमच्यातले दोघे हसले. आबांचा मुलगा हसला नाही. तो खाली बघत होता.

“सवय हाय रे,” एवढेच आबा म्हणाले.

मग बाहेर पडल्यावर, रस्त्याने चालताना, ते हळूहळू बोलले. त्यांच्या गावच्या फाट्यावर एक हॉटेल होते. आपल्या लोकांचे कप वेगळे. ते बाहेरच्या कुडाच्या वळचणीला ठेवलेले असायचे. आपणच काढून घ्यायचा, विसळायचा, समोर धरायचा. हॉटेलवाला वरून चहा ओतणार. पिऊन झाला की पुन्हा विसळून वळचणीला. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. १९७८ साली नामांतराचे पेटले तेव्हा तर तो चहासुद्धा बंद झाला होता. आम्ही विचारले, मग हे बंद कधी झाले? आम्हाला वाटले आबा एखाद्या आंदोलनाचे नाव सांगतील, फिर्याद केली म्हणतील. आबा म्हणाले, “फेकायचे ग्लास आले तवा.”

मित्रांनो, या उत्तरावर आम्ही पुढचे कितीतरी दिवस बोलत होतो. त्या फाट्यावरचे वेगळे कप कुणाचे मन बदलल्यामुळे गेले नाहीत. प्लास्टिकचा आणि कागदाचा ग्लास स्वस्त झाला, सगळ्यांनाच एकदा वापरून फेकायचा ग्लास मिळू लागला आणि वेगळा कप ठेवण्याचे कारणच उरले नाही. जात होती तिथेच राहिली, फक्त भांडे बदलले.

कायदा नव्हता असे नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश करण्यास जातीच्या कारणावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्वच्छ लिहिले आहे. १९५५ चा अस्पृश्यतेविषयीचा कायदा, ज्याला आता आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, तो तर याहून पुढे जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात लोकांच्या वापरासाठी ठेवलेल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे वाचले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे देशाच्या संसदेला कपबशीवर कायदा करावा लागला!” होय, करावा लागला. आणि तो होऊनही आबा आयुष्याचा मोठा भाग आपला कप आपणच विसळत राहिले.

आज दादर, परळ, कुर्ला, चेंबूर इथल्या कुठल्याही हॉटेलात आम्ही सहज जाऊन बसतो. आमच्या पिढीला ही गोष्ट श्वास घेण्याइतकी साधी वाटते. तिची किंमत कुणी चुकवली? परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी उतरले, तेव्हा हिंदूंच्या खानावळी, ज्यांना तिथे विशी म्हणत, त्या आपल्याला घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांना राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. इराणी-पारशी हॉटेलांनी मुंबईत सगळ्या जातींना एका टेबलावर बसवले असे कौतुक आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे. पण बडोद्याची ती धर्मशाळा विसरून ते कौतुक करू नये, एवढेच आमचे म्हणणे. पुढे २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर जमावाने हल्ला केला तो कुठे? मंडपात जेवत असलेल्या लोकांवर. त्यांचे अन्न मातीत मिसळले. आपले पाणी पिणे जितके सहन झाले नाही, तितकेच आपले पंगतीला बसणेही सहन झाले नाही.

मुंबईतल्या गिरण्यांत तरी काय होते? जास्त पगाराच्या विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि आपल्या तोंडचे सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. हातातला बावटा लाल, पण तोंडापाशी जात आडवी. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

आता आजच्या मुंबईकडे येऊ. आमच्यातला एक जण आयटी कंपनीत आहे. महिन्यातून एकदा त्याच्या टीमचे बाहेर जेवण असते. दर वेळी कुणीतरी म्हणते, “सगळ्यांना चालेल असे ठिकाण बघू या.” आणि दर वेळी ठरते ते प्युअर व्हेज. दोन वर्षांत एकदाही उलटे झाले नाही. चौदा जणांच्या त्या टीममध्ये मांस न खाणारे तिघे. अकरा जणांनी तिघांच्या सोयीने जेवायचे याला ‘सगळ्यांना चालेल’ म्हणतात. ज्या हॉटेलात दोन्ही मिळते तिथे हे तिघे आपले पनीर मागवू शकत नाहीत का? शकतात. पण एकाच स्वयंपाकघरातले, एकाच तव्यावरचे त्यांना चालत नाही. म्हणजे प्रश्न स्वतःच्या ताटाचा नाही, शेजाऱ्याच्या ताटाचा आहे.

इथे आम्हाला लगेच ऐकवले जाईल की काय खावे, काय खाऊ नये हा ज्याचा त्याचा प्रश्न. अगदी मान्य. आमच्या गटातही दोघे मांस खात नाहीत, एक जण तर विपश्यनेला जाऊन आल्यापासून. त्यांना कुणी चिडवत नाही. आमचा आक्षेप ‘शाकाहारी’ या शब्दाला नाहीच. त्याच्याआधी लावलेल्या ‘शुद्ध’ला आहे. मांसाहारी हॉटेलवाला आपल्या पाटीवर ‘शुद्ध मांसाहारी’ लिहीत नाही. ‘शुद्ध’ म्हटले की समोर ‘अशुद्ध’ उभे करावेच लागते आणि ते अशुद्ध कोण, हे या देशात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

हे ताणून बोलणे वाटत असेल तर अलीकडची दोन प्रकरणे आठवा. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहातल्या मेसमध्ये काही टेबले फक्त शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली गेली. त्याला विरोध म्हणून त्या टेबलावर बसून मांसाहार केल्याबद्दल दहा हजार रुपये दंड झाला. टेबल वेगळे ठेवण्यात काय बिघडले, असे विचारणाऱ्यांनी आबांच्या फाट्यावरची वळचण एकदा डोळ्यांसमोर आणावी. दुसरे झोमॅटोचे. १९ मार्च २०२४ ला त्या कंपनीने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या पोशाखातली वेगळी पोरे आणि वेगळ्या पेट्या जाहीर केल्या. ओरड झाली. लाल शर्टवाल्या पोराला सोसायट्या फाटकावरच अडवतील, हा धोका लोकांनी दाखवून दिला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा पोशाख मागे घेतला. वेगळी फळी मात्र ठेवली, ती आता बाहेरून ओळखू येत नाही इतकेच. दुसरा दिवस म्हणजे २० मार्च. चवदार तळ्याचा दिवस. कंपनीला त्याची कल्पना असण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट. मुंबईत मालवणी खानावळी आहेत, आगरी आहेत, कोल्हापुरी तांबडा-पांढरा आहे. नागपूरकडून सावजी आले. प्रत्येक जात-प्रदेश आपली चव पाटीवर मिरवतो. आपल्या घरातली चव कुठल्या पाटीवर आहे? चान्या, वजडी, रक्ती, कण्या हे शब्द कुठल्या मेनूकार्डावर वाचलेत? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या आपल्या स्वयंपाकघराची नोंद केली. त्याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. आठवण लिहून ठेवली गेली आणि त्यातला एक मोठा पदार्थ गुन्हा ठरला, तेही एकाच वर्षात.

पण सगळा दोष दुसऱ्यावर टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही. नोकरीत बढती मिळाली की आपलीच माणसे पार्टीला प्युअर व्हेज शोधतात. पोराच्या वाढदिवसाला ऑफिसचे लोक येणार म्हणून घरातली सुकी मासळी दोन दिवस आधी वरच्या फळीवर डब्यात बंद होते. हे आमच्या घरांत घडले आहे, ऐकीव नाही.

आमच्यातल्या एकाच्या धाकट्या भावाने गेल्या वर्षी चेंबूरला खाण्याची गाडी टाकली. चिकन रस्सा, भाकरी, वजडी. चव घरची, आईच्या हातची. पाटीवर काय लिहायचे यावर घरात आठवडाभर खल झाला. आडनाव लिहायचे की नाही? निळा रंग द्यायचा की नाही? वडिलांचे म्हणणे असे की धंद्यात जात आणू नकोस, गिऱ्हाईक तुटेल. शेवटी पाटीवर ‘गावरान’ लिहिले गेले. गावातला कुठला भाग ते लिहिले नाही.

आम्ही त्याला गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या संस्थानात पागेत नोकरी करणारा माणूस, पाण्याला शिवला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी पाठबळ दिले आणि गंगारामने ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल थाटले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर खुद्द महाराज त्या रस्त्याने जाताना गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही तोच पाजत. गोष्ट ऐकून पोरगा म्हणाला, “दादा, गोष्ट भारी आहे. पण माझ्या गाडीपाशी कुठला महाराज थांबणार? हप्ता तर दर महिन्याला भरायचाय.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिथे खाल्ले, पैसे दिले. आता महिन्यातून दोनदा तरी मुद्दाम जातो. हे उत्तर नव्हे, हे आम्हाला कळते.

आबांकडे परत येतो, कारण त्या दिवशीचा एक भाग सांगायचा राहिला. कपबशी विसळून देताना आबांनी त्या पोराला नाव विचारले होते. मग गाव. तो म्हणाला, गया जिल्हा. आबांचा चेहरा उजळला. “बुद्धाच्या गयेचा?” पोरगा हसला, हो म्हणाला. आडनाव विचारले, तर मांझी. घरी कोण, किती पाठवतोस, झोपायला कुठे, हे सगळे पाच मिनिटांत आबांनी मोडक्यातोडक्या हिंदीत काढून घेतले. हॉटेल बंद झाल्यावर तो याच टेबलांवर झोपतो. आम्ही तीन वर्षे तिथे जातो आहोत, तो दीड वर्षापासून तिथे आहे. संविधान, समता, बंधुता हे शब्द त्याच्या डोक्यावरून कित्येक रविवार गेले असतील. आम्ही त्याला ‘ए छोटू, पानी ला’ एवढेच म्हणत आलो. तो एकवीस वर्षांचा आहे.

कलम १५ ने आम्हाला त्या खुर्चीवर बसवले. खुर्चीवर बसल्या बसल्या हाक मारण्याची ती रीत आम्ही कुणाकडून उचलली, हा प्रश्न आमच्यातल्या मुलीने पुढच्या वर्गात उभा केला तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. आता आम्ही त्याला नावाने हाक मारतो. पहिल्यांदा मारली तेव्हा तो चमकला. त्याला वाटले, मालकाकडे तक्रार झाली.

आबांचे ऑपरेशन नीट झाले. गावी जाण्याआधी ते पुन्हा एकदा आमच्याबरोबर त्याच हॉटेलात आले. चहा झाल्यावर त्यांचा हात कपबशीकडे गेला, क्षणभर थांबला आणि मग त्यांनी ती उचललीच. बेसिनपाशी जाऊन विसळली. या वेळी कुणी हसले नाही आणि कुणी अडवलेही नाही.

एप्रिल जवळ आला आहे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमानंतर सगळ्या कार्यकर्त्यांनी कुठे जेवायचे यावर आमच्यात वाद चालू आहे. काही म्हणतात चेंबूरच्या गाडीवरूनच मागवू, काही म्हणतात कुर्ल्याच्या चिलिया हॉटेलात बसू. आणि दोघा जणांनी अगदी सहज, नेहमीच्या सवयीने म्हटले, “सगळ्यांना चालेल असे बघा.”