पावसाने घरात बसवलं तर

हरसूलला जुलैत आलेला पाहुणा धबधबे पाहायला निघतो आणि संततधार त्याला घरातच बसवते. मग मोबाइल निघतो. हे मनाला लागतं, कारण त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या डोंगराळ पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली लोक राहतात आणि घरात बसून शिकावी अशी एक थोर कला इथे हाताशी आहे.

वारली चित्रं! गेरूने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, टोक ठेचलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, पूर्वी सुवासिनी लिहीत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने ही कला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचं धड तयार होतं. तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाचाचा फेर मात्र मुलांची अख्खी दुपार घेतो, आणि ती घेऊ द्यावी.

पर्यटकांनी एवढं करावं: गावातल्या जाणत्या चित्रकाराला शिकवायला बोलवावं आणि मानधन आधीच ठरवावं.