रोजच्या कॅलरींचं गणित आणि माझा रिकामा डबा



आज थोडा वेगळा विषय घेते. वजन कमी करताना "रोज किती कॅलरी खायच्या" हा आकडा आपण मोबाईलवरून घेतो. तो आकडा येतो कुठून, हे मी पाहिलं नाही आणि त्याचा त्रास मला झालाच, पण माझ्या वर्गातल्या एका मुलीलाही होता होता राहिला. म्हणून हे लिहिते आहे.

माझं वय 36, उंची 155 सें.मी. आणि वजन तेव्हा 68 किलो. व्यायाम जवळजवळ नाहीच. शाळेत गाडीवर जायचं, गाडीवर यायचं, मग घरकाम. मोबाईलमधल्या ॲपने विचारलं, तुमची हालचाल किती? मी विचार केला, दिवसभर वर्गात उभी असते की! "मध्यम" वर टिचकी मारली. उत्तर आलं, रोज साधारण 1525 कॅलरी. दोन महिने मी अगदी वहीत लिहून खाल्लं. काटा जागचा हलला नाही.

मग मला राग आला. म्हटलं, आता निम्मंच खाते! सकाळी नुसता चहा, डबा घरीच ठेवायचा, रात्री एक पोळी. तिसऱ्या आठवड्यात गणिताच्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी आली, फळ्याला हात टेकून उभी राहिले. मुलांवर विनाकारण ओरडायलाही लागले होते.

त्याच आठवड्यात खिचडी वाटताना चौथीतल्या एका मुलीने ताट पुढे केलंच नाही. विचारलं तर हळूच म्हणाली, "मॅडम, मी पण डाएट करते. तुम्ही पण डबा आणत नाही ना?"

खरं सांगते, त्या दिवशी मला काही सुचेना. शालेय पोषण आहाराचे कागद मी वर्षानुवर्षं भरते. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, हे मला पाठ आहे. आणि मी स्वतः दिवसभरात त्याच्या दुप्पटही खात नव्हते.

घरी येऊन वही घेतली आणि मुलांना उदाहरण सोडवून दाखवतो तसं सोडवलं. तुम्हीही सोबत करा.

पायरी 1. काहीही न करता, नुसतं पडून राहिलं तरी शरीर ऊर्जा खर्च करतं. श्वास, हृदय, मेंदू चालूच असतात. स्त्रियांसाठी सूत्र असं: वजन × 10, अधिक उंची × 6.25, वजा वय × 5, वजा 161. (पुरुषांसाठी शेवटी 161 वजा करण्याऐवजी 5 मिळवायचे.) माझं उत्तर: 680 + 969 − 180 − 161 = साधारण 1308.

पायरी 2. याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. व्यायाम नसेल तर 1.2, हलका असेल तर 1.375, मध्यम असेल तर 1.55. माझी चूक इथे झाली होती! 1.55 ने गुणलं की 2027 येतात, 1.2 ने गुणलं की 1570. म्हणजे 457 कॅलरी मी खर्च करतच नव्हते, पण हिशेबात धरत होते. "मध्यम" म्हणजे आठवड्यातले तीन-पाच दिवस खरोखर घाम गाळणं. वर्गात उभं राहणं त्यात येत नाही.

पायरी 3. यातून थोडे वजा करायचे. ॲपने 2027 मधून 500 वजा केले होते. म्हणजे मला दिलेले 1525 आणि माझा खरा खर्च 1570. फरक फक्त 45! काटा कसा हलणार?

मी 1570 मधून 300 वजा केले. उरले 1270. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7700 कॅलरी असतात. 7700 ला 300 ने भागा, साधारण 26 दिवस येतात. म्हणजे महिन्याला एक किलो, फार तर थोडं जास्त. व्यायाम कमी असणाऱ्याचा वेग हाच. त्याला घाई केली की ताट रिकामं होतं आणि चक्कर येते. स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय 1200 च्या खाली जाऊ नये, असं साधारणपणे सांगतात.

आता 300 कुठून काढायचे? पोळीला मी हात लावला नाही. स्टाफरूममध्ये माझे चार चहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. एक चमचा साखर म्हणजे 20 कॅलरी, म्हणजे नुसत्या साखरेचेच 160 झाले. आता दोन चहा, अर्धा चमचा साखर. एक चमचा तेल 45 कॅलरींचं असतं. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागायचं. भागाकार करून पाहा, माणशी रोज जवळजवळ 375 कॅलरी नुसत्या तेलाच्या! ते साडेतीन किलोवर आणलं. भाजीतलं शेंगदाण्याचं कूटही आता चमच्याने मोजून घालते.

डब्यात दोन पोळ्या, भाजी, उसळ असते. रात्री भाकरी, वरण, ताक. पोट भरतं.

पाच महिन्यांत चार किलो कमी झाले. हिशेबाने जास्त व्हायला हवे होते, पण लग्नं, सणवार असतातच. आणि वजन उतरलं की खर्चही उतरतो. माझा चार किलोंमागे 48 कॅलरींनी उतरला. म्हणून आकडा अधूनमधून नव्याने काढावा लागतो.

मधुमेह, थायरॉईड असेल, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल, तर हे सूत्र बाजूला ठेवून डॉक्टरांनाच विचारा.

पालकांना एक विनंती. हे गणित मोठ्यांचं आहे. वाढत्या मुलांना ते लावू नका, आणि त्यांच्यासमोर "मी किती जाड झाले" असं म्हणत ताट बाजूला सारू नका. मुलं आपलं बोलणं विसरतात, पण आपलं वागणं बरोबर टिपतात.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन मुलांच्या पंगतीत बसू लागले. पहिले दोन दिवस ती मुलगी माझ्या डब्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने ताट पुढे केलं आणि म्हणाली, "मॅडम, अजून एक डाव वाढा."

तुम्हीही एकदा वही घेऊन आपला आकडा काढून बघा.